फोनवरून केलेलं निदान

तयार कपड्यांच्या कारखान्यात तिला सगळे मशिनबाई म्हणायचे. एकशे ऐंशी शिलाई मशिनं एका लांबलचक हॉलमध्ये एकदम धडधडू लागली की नवख्या माणसाला डोकं धरून बाहेर पळावंसं वाटायचं. ती मात्र त्या गदारोळात चहाचा पेला हातात घेऊन निवांत फिरायची, आणि मधेच थांबून म्हणायची, “तिसऱ्या ओळीतलं सातवं. सुई आणि हुकाचं जमत नाहीये.” मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून त्या मशिनकडे चालू लागायची. शिवणाऱ्या बायका हसायच्या. म्हणायच्या, बाईंच्या नवऱ्याची काही धडगत नाही, उंबऱ्याबाहेर चप्पल काढली तरी तो कुठून आला ते यांना कळत असेल. नवरा औषधाच्या दुकानात कामाला होता आणि दुकानातून निघाला की घराशिवाय कुठेच जात नव्हता, त्यामुळे त्या कानांचा त्याला कधी त्रास झाला नाही.

वडिलांच्या घरी मात्र या कानांना काडीची किंमत नव्हती. वडील बस डेपोत चौतीस वर्षं होते, त्यातली शेवटची बारा फोरमन म्हणून. निवृत्त होऊन सोळा वर्षं उलटली तरी गल्लीतली माणसं त्यांना फोरमनच म्हणत. त्यांच्या लेखी यंत्र म्हणजे ज्याला चाकं आहेत आणि जे धूर सोडतं ते. मुलगी काय करते असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, “तिचं ते शिवणाच्या मशिनचं काहीतरी असतं,” आणि पुढच्याच श्वासात, “मुलगा इंजिनिअर आहे.”

मुलगा तिच्याहून सात वर्षांनी धाकटा. बारा वर्षांपूर्वी तो परदेशी गेला, तिथे लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत टेबलाशी बसून कुठल्या इमारतीला किती लिफ्ट लागतील याचे अंदाज काढायचा. त्याने शेवटचा पाना कधी हातात धरला ते त्यालाही आठवलं नसतं. पण पदवी ती पदवी. वडिलांच्या बैठकीच्या खोलीत एकच फोटो फ्रेम करून लावलेला होता: दहा-अकरा वर्षांचा भाऊ बसच्या ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला, दोन्ही हात त्या भल्यामोठ्या स्टिअरिंगवर. सुट्टीत वडील त्याला डेपो दाखवायला घेऊन गेले होते, तेव्हाचा. त्याआधीच्या वर्षी ती सतरा वर्षांची होती आणि डेपोच्या शिकाऊ कामगारांच्या परीक्षेला बसू का, असं तिने विचारलं होतं. वडील म्हणाले होते, तिथे बायकांना साधं तोंड धुवायला जागा नाही. ते खरंही होतं. तिने वाद घातला नाही. पण त्या फोटोवरची धूळ गेली कित्येक वर्षं तीच पुसत होती, आणि पुसताना दर वेळी तिच्या मनात यायचं की जागा नव्हती तर याला बसायला कुठून मिळाली.

आई गेल्यावर वडील तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहू लागले. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि कारखान्यातून परतताना रोज तासभर त्यांच्याकडे थांबायची. घरामागे पत्र्याची शेड होती, शेडमध्ये बावीस वर्षांची राखाडी गाडी. वडिलांच्या नजरेच्या मधोमध धुकं साचायला लागलं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्यामुळे गाडी चालवणं बंद झालं होतं. आता तीच चालवायची, वडील बाजूला बसून रस्ता सांगायचे. तिला रस्ता माहीत होता. ते तरीही सांगायचे.

एका मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यातून परत येताना समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा, सरळ लागलेला, लुकलुकत नव्हता. तिने वडिलांना सांगितलं. आणि सांगता सांगता तिला वाटलंही, की आता ते म्हणतील, बघ जरा काय झालंय.

वडील म्हणाले, “घरी चल. त्याला विचारू.”

‘त्याला’ म्हणजे कुणाला ते विचारायची गरज नव्हती.

संध्याकाळी, म्हणजे भावाकडे सकाळ उजाडल्यावर, फोन लागला. वडिलांनी फोन बॉनेटखाली धरला आणि आवाज चढवून लक्षणं सांगायला सुरुवात केली, जणू फोन नसता तरी तो आवाज समुद्रापलीकडे गेला असता. भावाने आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट आहे का बघायला सांगितलं. तिने ते आधीच बघितलं होतं. पुन्हा जाऊन बघितलं. मग तो म्हणाला, अंदाजाने काही सांगता येणार नाही, गाडीच्या कॉम्प्युटरने कुठला कोड नोंदवलाय ते वाचायला हवं. चार दिवसांत त्याने मागवलेलं एक छोटं यंत्र वडिलांच्या नावावर पार्सलने आलं. काडेपेटीएवढं. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते तिथे ते खोचायचं, आणि गाडी जे सांगते ते फोनच्या पडद्यावर दिसतं.

खोचायचं काम तिचं. गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून तिने ती खाच शोधली. कोड तिच्या फोनवर उमटला. मग वडिलांनी त्यांचा फोन तिच्या फोनसमोर धरला, म्हणजे भावाला तो पडद्यावरचा पडदा दिसावा. पी शून्य एक सात एक. खाली अर्थ दिलेला होता: इंजिनात हवा जास्त जातेय, पेट्रोल कमी पडतंय.

“चालू कर गं गाडी,” वडील म्हणाले. “त्याला ऐकू दे.”

तिने गाडी चालू केली आणि बॉनेटपाशी आली. भावाला ती कोडचे आकडे पुन्हा वाचून दाखवत होती, आणि वाचता वाचता गप्प झाली. इंजिनाच्या नेहमीच्या गुरगुरीखाली एक बारीक ‘फुस्स’ चाललं होतं. मागच्या बाजूला, काचेकडच्या भिंतीपाशी. तिथे कुठलीतरी नळी फाटली होती आणि इंजिन त्या भेगेतून फुकटची हवा ओढत होतं, हे तिला इतकं स्वच्छ कळलं, जितकं तिसऱ्या ओळीतलं सातवं मशीन कळायचं.

तिने तोंड उघडलं. तेवढ्यात फोनमधून भावाचा आवाज आला, “बाबा, तीन शक्यता आहेत,” आणि वडील म्हणाले, “हं, सांग, सांग.” त्यांचा चेहरा एकदम उजळला. या चेहऱ्यासाठी तिने गेली चार वर्षं दूध आणलं होतं, दवाखान्याच्या रांगा धरल्या होत्या, गोळ्यांचे डबे भरले होते. तिला तो चेहरा एकदाही मिळाला नव्हता. त्याला तीन शक्यतांवर मिळाला.

ती तोंड मिटून उभी राहिली.

भाऊ म्हणाला, एक तर कुठून तरी हवा गळत असेल, नाहीतर हवा मोजणारा सेन्सर घाण झाला असेल, नाहीतर धुराच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर गेला असेल. गाडी इतकी जुनी आहे म्हटल्यावर त्याला शेवटचीच शक्यता जास्त वाटत होती. ताई, हवा गळल्याचा आवाज येतोय का, असं त्याने विचारलंही.

“इंजिनाचाच आवाज एवढा आहे,” ती म्हणाली. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

वडिलांनी तिच्या आवाजाच्या दिशेला मान वळवली.

दुसऱ्या दिवशी वडील दुपारचे झोपले असताना ती अर्धी रजा टाकून आली आणि गाडी चालू करून तिने हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक इंजिनावरून फिरवलं. शिलाई मशिनची बेअरिंग ती अशीच ऐकायची. मागच्या बाजूला कोपरासारखी वाकलेली एक नळी होती. तिच्या वळणावर, खालच्या अंगाला, नखाएवढी चीर. पाण्याचा फवारा मारला तसा क्षणभर आवाज बदलला आणि पुन्हा सुरू झाला. तिने फोनवर आकडे बघितले. गाडी जागेवर उभी असताना इंजिन चोवीस टक्के जास्तीचं पेट्रोल मागत होतं. ॲक्सिलरेटर दाबून वेग वाढवला की मागणी पाचवर येत होती. सेन्सर बिघडलेला असता तर असं झालं नसतं. शंकेला जागाच उरली नव्हती.

तिने बॉनेट लावलं, हात धुतले आणि ती घरी गेली.

नवऱ्याला तिने त्या संध्याकाळी सांगितलं. तो औषधांच्या वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचावं तसं तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “अगं, मग सांगून टाक की.”

“सांगेन,” ती म्हणाली. “आधी त्याचं चुकू दे.”

“सख्खा भाऊ आहे तुझा.”

“म्हणून तर.”

ऑक्सिजन सेन्सर भावाने स्वतः शोधून मागवला. इतक्या जुन्या गाडीचा तो सहज मिळत नव्हता. पार्सल यायला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत वडिलांचा आणि त्याचा रोज फोन. ती स्वयंपाकघरात भांडी विसळत ऐकायची. वडील डेपोतल्या जुन्या गोष्टी सांगत होते: घाटात बंद पडलेली बस, रेडिएटरमध्ये अडकलेली चिमणी. चिमणीची गोष्ट तिने कधीच ऐकली नव्हती. तिने नळ बारीक केला. मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा मोठा सोडला.

एकदा वडिलांनी चष्मेवाल्याचा नंबर शोधून दे म्हणून फोन तिच्या हातात दिला. तिने कॉलची यादी उघडली. भाऊ, अडतीस मिनिटं. भाऊ, एकतीस मिनिटं. मग ती स्वतः, बावीस सेकंद. भाऊ, चव्वेचाळीस मिनिटं. ती, चौदा सेकंद. ते चौदा सेकंद तिला आठवत होते: “येताना ब्रेड आण.” चष्मेवाल्याचा नंबर तिने लावून दिला आणि भांडी पुसायला गेली. एका कपाचा कान तिच्या हातात निघून आला. तो आधीपासूनच तडकलेला होता असं ती स्वतःला म्हणाली.

सेन्सर आला त्या शनिवारी तिने तो बसवला. नको तो भाग, जिथे काही बिघाड नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तो तिने गंजलेल्या नळीतून दोन तास खपून काढला. गंजावर तेल सोडलं, इंजिन थोडं तापवलं, पान्याला लांब पाइप लावून जोर केला. पाना सटकला आणि बोटांची साल निघाली. वडील फोन धरून उभे होते आणि भाऊ सांगत होता, ताई, उलट्या दिशेने, ताई, एकदम जोर नको. उलट्या दिशेने हे तिला सांगत होता! वीस वर्षं ती रोज पंचवीस-तीस स्क्रू उलट्या दिशेने फिरवत आली होती. तिने दात आवळले, नवा सेन्सर हाताने अलगद फिरवत बसवला, मग पान्याने घट्ट केला, कोड पुसला. दिवा विझला.

“झालं?” भावाने विचारलं.

“झालं की,” वडील म्हणाले, आणि फोन कानाशी धरून तसेच आत गेले. “बसल्या जागेवरून शोधलंस बघ.” ती बोटांवर गार पाणी सोडत एकटीच शेडमध्ये उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला. तो लागणार हे तिला माहीत होतं, ती त्याचीच वाट बघत होती. दवाखान्याच्या रस्त्यावर तो पिवळा आकार उमटला तेव्हा तिला आतून हसू फुटलं, शाळेत दुसऱ्या कुणाला शिक्षा झाल्यावर फुटायचं तसं. आता बघू या इंजिनिअरसाहेब काय म्हणतात.

संध्याकाळी वडिलांनी फोनवर सांगितलं. मग भाऊ चाचरत म्हणाला, “ताई, बसवताना आटे तिरके नाही ना गेले?”

तिने उत्तर द्यायच्या आत वडील म्हणाले, “तिचा हात नीट बसला नसेल. सवय नाही तिला असल्या कामाची.”

तिने हातातलं फडकं बॉनेटच्या कडेवर ठेवलं. रागाने कान तापतात म्हणतात, तसे तापले. भावाचं चुकलं होतं, अगदी तिला हवं तसं चुकलं होतं. आणि खापर फुटलं ते तिच्याच डोक्यावर.

नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. मीटरचं रीडिंग घेणारा आला होता. वडिलांनी फोन एअर फिल्टरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि भिंतीला हात लावत लावत ते घरात गेले. ती आणि फोनमधला भाऊ, दोघंच उरले. ती मुद्दाम कॅमेऱ्यासमोर गेली नाही.

“ताई, आहेस का?”

“आहे.”

“बाबांना एकदा कॅमेरा उलटा करायला सांगशील?” तो म्हणाला. “तीन आठवडे मी नुसतं इंजिन बघतोय. ते कसे दिसतात आता?”

“आहेत तसेच,” ती म्हणाली.

“त्यांना हे सांगायला मला लाज वाटते. पण फोन यायच्या आधी मी नेटवर वाचून ठेवतो आणि तेच बोलतो. मला यातलं काही येत नाही. तुला येतं. त्यांनी तुला का नाही विचारलं ते मला कळत नाही.” तो थांबला. “तू रोज त्यांच्यासोबत असतेस. मला तुझा किती हेवा वाटतो सांगू?”

यावर तिचं मन द्रवायला हवं होतं. तिला आधी वाटला तो आनंद. बरं झालं, वाटू दे तुलाही. असा तो आनंद होता, आणि तो जिभेवर गोड लागला. पण तो फार टिकला नाही. तिचा हेवा करण्यासारखं तिच्याकडे काही असेल हे तिला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं, आणि आता सुचलं तर ते दुसऱ्याने सांगितल्यावर. ती काही बोलणार होती. पण वडील परत आले आणि मीटरवाल्याचं रीडिंग कसं चुकीचं होतं ते मुलाला सांगू लागले.

पुढच्या शनिवारी दुपारी ती स्पेअरच्या दुकानात गेली आणि तशीच कोपराच्या आकाराची नळी घेऊन आली. वडील झोपलेले असताना गुपचूप बदलायची, दिवा विझवायचा, विषय संपवायचा, असं तिने ठरवलं होतं. कुणाचं चुकलं, कुणाचं बरोबर, काही बोलायचंच नाही. तिने बॉनेट उघडून दांडी लावली, तोच मागे काठी वाजली.

“ती मागची नळी आणलीस का?” वडिलांनी विचारलं.

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “कुठली नळी?”

“फुसफुसतेय ती.”

ती वळून त्यांच्याकडे बघत राहिली. ते शेडच्या दाराला टेकून उभे होते, नजर तिच्या खांद्याच्या जरा बाजूला.

“तुम्हाला ऐकू येत होतं?”

“डोळे गेलेत माझे. चौतीस वर्षं बसच्या ब्रेकची हवा कुठून जाते ते ऐकण्यात गेली. पहिल्याच दिवशी ऐकू आलं.” ते थांबले. “तुलाही आलं. कोड वाचता वाचता तू गप्प झालीस.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

वडिलांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आणि मग ते हळूहळू बोलले, की आई होती तेव्हा मुलाशी फोनवर तीच बोलायची, ते पलीकडे बसून ऐकायचे. आता तो फोन करतो, जेवलात का विचारतो, ते हो म्हणतात. गोळ्या घेतल्या का, हो. मग तोही गप्प आणि तेही गप्प, दोघांनाही फोन ठेवायचं धाडस होत नाही. गाडीचं निघालं आणि तो अर्धा अर्धा तास बोलायला लागला. “नळी फाटलीय असं सांगितलं असतं,” ते म्हणाले, “तर एका मिनिटात संपलं असतं.”

हे ऐकून एखादी दुसरी मुलगी रडली असती. ती रडली नाही. तिला एकच गोष्ट आठवत होती.

“माझा हात नीट बसला नाही म्हणालात. तुम्हाला माहीत होतं की माझा हात नीट बसलाय. तरी म्हणालात.”

“त्याला वाईट वाटलं असतं. एवढ्या लांबून शोधून पाठवलं त्याने.”

“आणि मला?”

“तू रोज येतेस,” वडील म्हणाले. “तुला बोललेलं चालतं.”

“नाही चालत, बाबा.”

तिचा आवाज चढला नव्हता. कारखान्यात, मशिनांच्या आवाजातही, तिला कधी ओरडून बोलावं लागायचं नाही. वडिलांनी खाली बघितलं, म्हणजे मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, “आणि तू का गप्प बसलीस?”

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी इतकं सगळं उघड्यावर ठेवल्यावर तिलाच ते बरं वाटेना.

“त्याचं चुकावं म्हणून.”

वडिलांनी यावर जरा विचार केला. “चुकलं की मग,” ते म्हणाले, आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला.

जुनी नळी काढायला वेळ लागला, रबर तापून तापून दगड झालं होतं. तिने दोन्ही टोकांचे पट्टे सैल केले, नळी पिळून काढली. चीर बोटाला लागली, कागदाच्या कडेसारखी. नवीन बसवली, पट्टे आवळले. वडील काही सांगत नव्हते. गाडी चालू केली तेव्हा दोघंही आपापल्या जागी उभे राहून ऐकत होते, आणि खाली काहीच नव्हतं, नुसती गुरगुर. फोनवरची मागणी दोनवर आली होती. तिने कोड पुसला.

“आता लावू त्याला फोन?” वडिलांनी विचारलं. तिची परवानगी त्यांनी पहिल्यांदाच मागितली होती. की तिलाच तसं वाटलं, कोण जाणे.

“लावा. पण मी धरते.”

तिने फोन घेतला आणि कॅमेरा वडिलांच्या तोंडावर ठेवला. त्यांनी घाईघाईने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. पलीकडे भाऊ दिसला, पडद्याच्या अगदी जवळ वाकलेला.

“बाबा, दाढी का वाढवलीत?”

“दिसत नाही मला,” वडील म्हणाले. “गालावर कुठे राहिली आणि कुठे नाही ते कळत नाही. दोनदा कापलं. म्हटलं राहू दे.”

ती फोन धरून उभी होती. दीड महिना ती ती दाढी रोज बघत होती. म्हातारपणी सुचलेली काहीतरी लहर, असं समजून ती सोडून देत होती. भावाने एका पाहण्यात विचारलं. ‘आहेत तसेच’ हे तिचे स्वतःचे शब्द तिला आठवले.

मग गाडीचं निघालं. नळी फाटली होती, तिने बदलली, असं वडिलांनी सांगितलं. “म्हणजे हवाच गळत होती,” भाऊ म्हणाला. “मी पहिल्यांदा म्हटलंच होतं ना.”

तिने ओठ आवळले. वडील म्हणाले, “तू तीन गोष्टी म्हटल्या होत्यास. हिने एकच म्हटली असती. तिला मी विचारलं नाही.”

ते वाक्य त्यांनी असं सहज टाकलं की ते कानावर पडून अर्थ लागायला तिला वेळ लागला. आणि अर्थ लागल्यावर तिला गप्प बसवेना. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, तिने भावाला सांगून टाकलं, सेन्सर बसवला तेव्हाही ठाऊक होतं. का बोलली नाहीस, असं त्याने विचारलं. तुझ्यावर जळत होते, ती म्हणाली. भाऊ हसला नाही. तो सेन्सर शोधायला माझ्या दोन रात्री गेल्या, एवढंच म्हणाला, आणि पुढे काही आठवडे तिच्याशी जरा तुटकच बोलला. तिला त्याचा राग आला नाही. आपल्या गप्प बसण्याची ती किंमत तिने मान्य केली.

त्यानंतर दिवा काही लागला नाही. रोजचे फोन कमी झाले, मग रविवारचा एक ठरला. रविवारी सकाळी ती वडिलांना शेडच्या दाराशी उजेडात खुर्चीवर बसवते, गळ्यात टॉवेल गुंडाळते आणि त्यांची दाढी करते. फोन समोरच्या खिडकीत, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला असतो. वडील तोंडाला फेस असला तरी बोलायचे थांबत नाहीत. घाटातली बस आता तिनेही तीनदा ऐकली आहे. हेवा गेला म्हणावं तर ते खरं नाही. भाऊ काही बोलला आणि वडील खळखळून हसले की वस्तरा घेतलेला तिचा हात अजूनही क्षणभर थबकतो.

“ताई,” परवा भाऊ तिकडून म्हणाला, “डाव्या कानाखाली थोडी राहिलीय बघ.”

“ऐक त्याचं,” वडील म्हणाले.

“दिसतंय मला,” ती म्हणाली, आणि आधी उजवी बाजू पूर्ण केली.